लहान सागरी कोळंबी: ओळख, नाव आणि वर्गीकरणातील स्थान

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील एका खाडीमुखात, सागरी गवतातून हातजाळीने पकडलेल्या सुमारे ३ सेंटीमीटर लांबीच्या पारदर्शक कोळंब्या आपल्याकडे अल्कोहोलमध्ये जतन केलेल्या आहेत आणि त्यांपैकी काहींच्या पोटाखाली अंडी आहेत. एका जुन्या ग्रंथात त्यांच्याशी जुळणारी प्रजाती पॅलेमोनेटिस या वंशात दिलेली आहे, नव्या यादीत तीच पॅलेमॉन या वंशात आहे, आणि छायाचित्रावरून नाव सुचवणाऱ्या ॲपने प्रत्येक छायाचित्राला निराळे नाव दिले. यांतले बरोबर कोणते आणि स्वतःची खात्री कशी करून घ्यावी, असे आपण विचारले आहे.

ओळख पटवणे आणि वर्गीकरण करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आधी लक्षात घेतले तर आपला निम्मा गोंधळ दूर होईल. ओळख पटवताना हातातला नमुना आजवर वर्णन झालेल्या कोणत्या प्रजातीचा आहे एवढेच पाहायचे असते आणि त्यासाठी सोयीचे कोणतेही स्थिर लक्षण चालते. वर्गीकरणात मात्र त्या प्रजातीचे नाते कोणाशी आहे, तिचे पूर्वज कोणाबरोबर समान आहेत, हे ठरवायचे असते. ओळखीसाठी उत्तम असलेले लक्षण नात्याच्या बाबतीत पार दिशाभूल करू शकते, आणि आपल्या दोन पुस्तकांतला फरक नेमका यातूनच निर्माण झाला आहे. त्याकडे पुढे येतो. आधी नमुन्याकडे वळू.

प्रजातीपर्यंत जाण्याची घाई न करता सर्वांत वरच्या पायरीपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. कोळंबीसारखे दिसणारे पुष्कळ प्राणी कोळंबी नसतात. मायसिड हे त्यांतले सर्वांत फसवे. त्यांच्या शेपटीच्या आतल्या पंख्याच्या मुळाशी तोल सांभाळणारा एक गोल, चमकदार अवयव सूक्ष्मदर्शकाखाली चटकन दिसतो, आणि माद्या अंडी पोटाखालच्या पायांना न चिकटवता छातीखालच्या पिशवीत बाळगतात. क्रिलमध्ये कल्ले पृष्ठकवचाखाली झाकलेले नसून उघडे असतात. ॲम्फिपॉडना तर पृष्ठकवचच नसते. आपल्या माद्यांची अंडी पोहण्याच्या पायांना चिकटलेली आहेत, त्यामुळे या तिन्ही शक्यता बाद होतात आणि आपण दशपाद गणात, म्हणजे डेकापोडामध्ये, येऊन पोहोचतो.

दशपादांचे दोन उपगण मानले जातात. डेंड्रोब्रँकियाटा या उपगणात पेनिअस आणि तिचे नातेवाईक येतात. त्यांचे कल्ले फांद्याफांद्यांचे असतात, अंडी थेट पाण्यात सोडली जातात आणि त्यांतून नॉप्लियस या अगदी सुरुवातीच्या अवस्थेची पिले बाहेर पडतात. प्लिओसिमाटा या दुसऱ्या उपगणात माद्या अंडी पोटाखाली सांभाळतात आणि पिले त्यापुढच्या अवस्थेत बाहेर येतात. अंडी असलेली मादी हाती असेल तर हा निर्णय एका दृष्टिक्षेपात होतो. नर किंवा अल्पवयीन नमुना असेल, तर कुशीवर ठेवून उदराच्या दुसऱ्या खंडाची बाजूची पाळी पाहावी. ती पुढच्या पहिल्या आणि मागच्या तिसऱ्या, अशा दोन्ही खंडांच्या पाळ्यांवर घोड्यावरच्या खोगिरासारखी पसरलेली असेल, तर प्राणी कॅरिडिया या गटातला आहे. पेनिअसकडे ही पाळी फक्त मागच्या पाळीवर येते, पुढची मात्र तिच्यावर आलेली असते. याच्या जोडीला पाय मोजावेत: पेनिअसवर्गीयांत पहिल्या तिन्ही जोड्यांना चिमटे असतात, तर कॅरिडियामध्ये तिसऱ्या जोडीला चिमटा कधीच नसतो. स्टेनोपोडिडिया हा प्लिओसिमाटामधलाच लहानसा गट. त्यात तिसरी जोडी चिमट्याची असते आणि तीच सर्वांत मोठी असते. ही दोन लक्षणे एकमेकांची साक्ष देतात, म्हणून दोन्ही पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कॅरिडियामधले कुल ठरवताना सगळा भर पहिल्या दोन पायांवर द्यावा. अल्फिइडी कुलात पृष्ठकवच डोळ्यांवरून पुढे आलेले असते आणि बहुधा एका बाजूचा चिमटा दुसऱ्यापेक्षा फारच मोठा असतो. क्रँगॉनिडी कुलात पहिल्या पायाचे बोट टोकावर आडवे मिटते, त्यामुळे खरा चिमटा तयार होत नाही. पँडॅलिडी, हिप्पोलिटिडी आणि हिप्पोलिटिडीतून अलीकडे वेगळ्या काढलेल्या कुलांत दुसऱ्या पायाचे मनगट अनेक लहान खंडांत विभागलेले असते; हिप्पोलिटी या वंशात असे तीन खंड असतात, थॉरमध्ये सहा, तर लिस्मातामध्ये पुष्कळ अधिक. मनगट अखंड, पहिल्या दोन्ही जोड्यांना स्पष्ट चिमटे आणि दुसरी जोडी पहिलीपेक्षा मोठी, असा मेळ असेल तर आपण पॅलेमोनिडी कुलाच्या दारात आहोत. आपण पाठवलेल्या वर्णनात ‘दुसरे पाय लांब, मनगटाला सांधे नाहीत’ असे लिहिले आहे, ते याच्याशी जुळते.

त्यानंतर पृष्ठकवचाच्या पुढच्या कडेवरील काटे पाहावेत. स्पर्शिकेच्या मुळाशी एक काटा आणि त्याच्या खाली, कल्ल्यांच्या झाकणाच्या कडेजवळ, दुसरा काटा, तसेच त्यापासून मागे जाणारी एक बारीक खाच, ही पॅलेमॉनची ठेवण आहे. मॅक्रोब्रॅकियममध्ये हा दुसरा काटा नसतो आणि त्याऐवजी थोडा मागे, यकृताच्या भागावर, काटा असतो. ओल्या नमुन्यावर प्रकाश परावर्तित होऊन हे काटे नाहीसे झाल्यासारखे वाटतात. पृष्ठकवचावरील द्रव मऊ कागदाने क्षणभर टिपून घेतला आणि दिवा बाजूने, अगदी खालच्या कोनातून लावला, की काट्याची सावली पडते आणि शंका राहत नाही.

आता रोस्ट्रम, म्हणजे दोन डोळ्यांमधून पुढे आलेले दातेरी टोक. प्रजातीच्या ओळखीत याला फार मोठे स्थान आहे आणि सर्वाधिक चुकीच्या नोंदीही याच्याच मोजणीतून होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. दात वरच्या आणि खालच्या कडेवर वेगवेगळे मोजायचे असतात, आणि वरच्या दातांपैकी डोळ्याच्या खाचेच्या मागे, म्हणजे प्रत्यक्ष पृष्ठकवचावर, किती आहेत हे स्वतंत्रपणे लिहायचे असते. युरोपातील तीन सुपरिचित प्रजाती यावरूनच वेगळ्या होतात: पॅलेमॉन एलिगन्समध्ये खाचेमागे सर्वसाधारणपणे तीन दात, पॅलेमॉन सेराटसमध्ये दोन, आणि पॅलेमॉन ॲडस्पर्ससमध्ये एक. मोजताना नमुना अगदी कुशीवर हवा. तो थोडा जरी कलला तरी खाचेच्या कडेवरचा दात पुढे आहे की मागे हे चुकीचे दिसते. दातांच्या मधल्या जागेत केसांची दाट रांग असते, तिच्यात टोकाजवळचा बारीक दात लपतो, म्हणून मऊ कुंचल्याने केस बाजूला सारून पुन्हा मोजावे. रोस्ट्रमचे टोक तुटून पुन्हा वाढलेले असेल तर ते आखूड आणि दातांची रचना विस्कळीत असते. असा नमुना मोजणीतून वगळावा. एकाच नमुन्यावर विसंबू नये, कारण दातांची संख्या एकाच प्रजातीत, एकाच जाळीत आलेल्या प्राण्यांतही बदलते. जितके नमुने असतील तितक्यांची मोजणी तक्त्यात मांडली तर संख्येचा पल्ला कळतो, आणि ग्रंथांतली वर्णनेही पल्ल्यातच दिलेली असतात.

आपले नमुने आले त्या अटलांटिक किनाऱ्यावर पॅलेमॉनच्या तीन निकटच्या प्रजाती एकाच सागरी गवतात सापडतात: व्हल्गॅरिस, पुजिओ आणि इंटरमीडियस (हे तिचे पॅलेमोनेटिसमधले नाव; पॅलेमॉनमध्ये आता ती मुंडसनोव्हस). थॉमस से यांनी १८१८ मध्ये व्हल्गॅरिसचे वर्णन केले. पुढे शतकाहून अधिक काळ तिथल्या या सारख्या दिसणाऱ्या कोळंब्यांना बहुतेक अभ्यासक हेच नाव देत राहिले. लायडन येथील संग्रहालयात आयुष्यभर काम केलेल्या लिप्के होल्तहाउस यांनी १९४९ मध्ये पुजिओ आणि इंटरमीडियस या दोन प्रजाती वेगळ्या करून दाखवल्या. याचा व्यावहारिक परिणाम असा, की १९४९ पूर्वीच्या नोंदीत ‘व्हल्गॅरिस’ असे लिहिलेले असेल, तर ती कोळंबी तिघींपैकी कोणतीही असू शकते, आणि मूळ नमुने पाहिल्याशिवाय ती नोंद प्रसाराच्या नकाशात घेऊ नये.

या तिघींत फरक करण्यासाठी दोन जागा पुरेशा आहेत. पहिली रोस्ट्रमची: व्हल्गॅरिसमध्ये वरचे दात टोकापर्यंत पोहोचतात आणि डोळ्याच्या खाचेमागे दोन असतात, पुजिओमध्ये खाचेमागे एकच असतो आणि टोकाकडचा भाग दातांविना, कट्यारीच्या पात्याप्रमाणे निमुळता होतो. दुसरी आणि अधिक विश्वासार्ह जागा म्हणजे दुसऱ्या पायाच्या चिमट्याची बोटे. पाय मुळापासून अलगद सोडवावा, काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवावा आणि सुईने बोटे किंचित उघडून त्यांच्या आतल्या धारेच्या मुळाकडील भाग पाहावा. व्हल्गॅरिसमध्ये हलणाऱ्या बोटावर दोन आणि स्थिर बोटावर एक दात असतो. इंटरमीडियसमध्ये हलणाऱ्या बोटावर एक, आणि स्थिर बोट गुळगुळीत. पुजिओमध्ये दोन्ही बोटांवर दात नसतात. हे दात फार लहान असतात, म्हणून पूर्ण वाढलेले नमुनेच निवडावेत. अवयव काढताना नेहमी एकाच बाजूचे काढावेत आणि दुसरी बाजू अखंड ठेवावी, म्हणजे पुढे कोणाला आपला निष्कर्ष तपासायचा असेल तर त्याला काही शिल्लक राहते.

मनगट आणि तळवा यांच्या लांबीचे गुणोत्तरही या प्रजातींत वेगळे असते, पण ते नर आणि मादीत सारखे नसते. म्हणून मोजमापाला हात घालण्यापूर्वी लिंग निश्चित करणे आवश्यक आहे. पोहण्याच्या दुसऱ्या पायाची आतली शाखा पाहावी: तिथे दोन्ही लिंगांत एक लहान दांडी असते, आणि नरात तिच्या शेजारी केसाळ काट्यांची आणखी एक दांडी असते. पॅलेमॉनमध्ये हे साधे आहे. इतर काही कोळंब्यांत तसे नाही. पँडॅलस बोरिॲलिस आधी नर असते आणि नंतर मादी होते. लिस्माता वंशातील कोळंब्या सुरुवातीला नर असतात आणि पुढे नर व मादी अशी दोन्ही कामे एकाच वेळी करतात, त्यामुळे अंडी बाळगणाऱ्या नमुन्यात नराचे अवशेष दिसले तर ती विकृती समजू नये.

परजीवींची आठवण येथेच ठेवावी. पुजिओच्या कल्ल्यांच्या पोकळीत प्रोबोपायरस हा समपाद परजीवी राहतो. पृष्ठकवचाची एक बाजू फुगलेली दिसते, आणि अशी मादी अंडी घालत नाही. फुगीर पृष्ठकवच हे प्रजातीचे वैशिष्ट्य समजून किंवा अंडी नसणे हे नराचे चिन्ह समजून पुढची सगळी मापे घेतली, तर निष्कर्ष चुकलाच म्हणून समजा. एका बाजूचा फुगवटा दिसला की झाकण हळूच उचलून आत पाहावे.

रंगाविषयी माझे मत काहीसे कठोर आहे. जिवंत कोळंबीवरील रंगाचे ठिपके आणि पट्टे अमूल्य असतात, आणि काही गटांत ते शरीररचनेपेक्षाही बोलके ठरतात. पण अल्कोहोलमध्ये ते काही दिवसांत जातात आणि पारदर्शक शरीर पांढरे, अपारदर्शक होते. म्हणून नमुना बुडवण्यापूर्वी बाजूने आणि वरून छायाचित्र घ्यावे, आणि कोणते छायाचित्र कोणत्या नमुन्याचे आहे हे क्रमांकाने जोडावे. ॲप छायाचित्रातून नाव सुचवते ते मुख्यतः रंग आणि एकूण ठेवण यांवरून; दुसऱ्या पायाच्या बोटावरील दात त्याला दिसत नाहीत. ज्या प्रजातींचा भेदच तिथे आहे, त्यांच्याबाबत त्याचे उत्तर केवळ शक्यता म्हणून घ्यावे.

आता नावाचा प्रश्न. हेलर यांनी १८६९ मध्ये पॅलेमोनेटिस हा वंश वेगळा काढला. त्याचा आधार होता जबड्याचा: पॅलेमॉनच्या जबड्याला एक लहान, सांधे असलेली उपांगिका असते, पॅलेमोनेटिसच्या जबड्याला ती नसते. लक्षण स्पष्ट होते, तपासता येण्याजोगे होते, आणि ओळखीच्या किल्ल्यांमध्ये, म्हणजे लक्षणे एकेक करून तपासत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यांमध्ये, ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. परंतु डीएनएच्या आधारे या कोळंब्यांचा वंशवृक्ष मांडला गेला, तेव्हा उपांगिका नसलेल्या प्रजाती एका फांदीवर एकत्र न येता उपांगिका असलेल्या प्रजातींमध्ये विखुरलेल्या आढळल्या. म्हणजे ही उपांगिका एकाच पूर्वजात एकदा नाहीशी झालेली नसून वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे नाहीशी झाली आहे. असे लक्षण ओळखीच्या किल्लीत खुशाल वापरता येते. वंशाची सीमा मात्र त्यावर आखता येत नाही. सॅमी द ग्रेव्ह आणि अ‍ॅशेल्बी यांनी २०१३ मध्ये पॅलेमोनेटिस पॅलेमॉनमध्ये समाविष्ट केला आणि आज बहुतेक याद्या तेच मान्य करतात. म्हणून आपला जुना ग्रंथ चुकीचा नाही. तो जुन्या वर्गीकरणाप्रमाणे आहे. त्यातली ओळखीची किल्ली आजही उपयोगी आहे, फक्त शेवटी आलेल्या नावाचा वंश बदलून घ्यावा. अपवाद इंटरमीडियसचा: पॅलेमॉनमध्ये ते प्रजातीनाम आधीच वापरात असल्याने तिचे प्रजातीनामही बदलून मुंडसनोव्हस झाले आहे.

नाव लिहिण्याच्या पद्धतीत या इतिहासाची खूण राहते. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रजाती मूळ वंशातून दुसऱ्या वंशात हलवली गेली असेल तर मूळ लेखकाचे नाव आणि वर्ष कंसात लिहितात. त्यामुळे आता ‘पॅलेमॉन पुजिओ (होल्तहाउस, १९४९)’ असे लिहायचे, कारण त्यांनी ती पॅलेमोनेटिसमध्ये वर्णन केली होती. से यांनी मात्र व्हल्गॅरिसला मुळातच पॅलेमॉनमध्ये ठेवले होते. ती पॅलेमोनेटिसमध्ये असताना नावाभोवती कंस होता, आणि ती परत आल्यावर कंस गळून ‘पॅलेमॉन व्हल्गॅरिस से, १८१८’ असे राहिले. कंस ही सजावट नाही, म्हणून तो विचारपूर्वकच द्यावा.

वर्गीकरणाच्या वरच्या पायऱ्याही स्थिर नाहीत. २०१५ मध्ये ग्नॅथोफिलिडी आणि हायमेनोसेरिडी ही पूर्वी स्वतंत्र मानलेली कुले पॅलेमोनिडीमध्ये विलीन झाली आणि पॅलेमोनिडीची जुनी उपकुलेही बाजूला ठेवण्यात आली. आपल्या नमुन्यांची पूर्ण मांडणी आज अशी होईल: संधिपाद संघ, कवचधारी उपसंघ, मॅलाकोस्ट्राका वर्ग, डेकापोडा गण, प्लिओसिमाटा उपगण, कॅरिडिया, पॅलेमोनिडी कुल, पॅलेमॉन वंश.

डीएनए तपासणी करावी का, असेही आपण विचारले आहे. करावी, पण शरीररचनेच्या जागी नव्हे, तिच्या जोडीने. सायटोक्रोम ऑक्सिडेज या, केंद्रकाबाहेर मायटोकाँड्रियात असणाऱ्या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा प्राण्यांच्या ओळखीसाठी सर्रास वापरला जातो, आणि कोळंब्यांत १६एस हा दुसरा तुकडाही बऱ्याचदा घेतात. तीन अडचणी ध्यानात ठेवाव्यात. सार्वजनिक संग्रहात जमा झालेल्या काही अनुक्रमांवर मुळातच चुकीचे नाव असते. आपला अनुक्रम त्याच्याशी शंभर टक्के जुळला तरी चूकच पुढे जाते. दुसरी अशी, की या जनुकाच्या निकामी प्रती पेशीच्या केंद्रकात असतात आणि चुकून त्यांचाच अनुक्रम हाती येतो. अल्फिअस वंशात हे २००१ मध्येच दाखवले गेले आहे. अनुक्रमाचे प्रथिनात रूपांतर करून मध्येच थांबण्याचा संकेत येतो का हे पाहिले, तर अशा पुष्कळ प्रती पकडता येतात, सगळ्या नाहीत. तिसरी अडचण नमुन्याची: फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतींतून चांगला डीएनए मिळणे कठीण, म्हणून नमुने ९५ टक्के एथेनॉलमध्ये हवेत आणि द्रव पहिल्या दिवशी एकदा बदलावा, कारण प्राण्याच्या अंगातले पाणी त्याला पातळ करते. ऊतीसाठी पोहण्याच्या पायांपैकी एक पुरतो. पहिले दोन पाय आणि रोस्ट्रम यांना धक्का लावू नये.

डीएनएमुळे जुन्या प्रजाती फुटल्याची उदाहरणे कोळंब्यांत पुष्कळ आहेत. समुद्रपुष्पांवर राहणारी थॉर ॲम्बॉइनेन्सिस सगळ्या उष्णकटिबंधीय समुद्रांत पसरलेली एकच प्रजाती मानली जात होती. २०१८ च्या अभ्यासात तो दिसायला सारख्या असणाऱ्या अनेक प्रजातींचा समूह असल्याचे पुढे आले. लिस्माता वुर्डेमानी या नावाखाली तर चार अनामिक प्रजाती दडलेल्या होत्या आणि २००६ मध्ये त्या रीतसर वर्णन झाल्या. तिथे जिवंतपणीच्या रंगपट्ट्यांचा मोठा उपयोग झाला. म्हणून आपल्या मोजणीत एखादा गट ग्रंथातील पल्ल्याबाहेर सातत्याने पडत असेल, तर त्याला ओढूनताणून जवळच्या नावात बसवू नये. वंशापर्यंतच खात्री असेल तर ‘पॅलेमॉन, प्रजाती अनिश्चित’ असे लिहावे. एखाद्या प्रजातीशी जुळते पण तपासणी अपुरी आहे, तर नावाआधी ‘सी.एफ.’ लिहावे, तिच्याशी नाते दिसते पण ती ती नाही असे वाटते, तर ‘अ‍ॅफ.’ लिहावे.

आपल्या सध्याच्या माहितीवरून वंश पॅलेमॉन असल्याविषयी मला शंका वाटत नाही. डोळ्याच्या खाचेमागे एकच दात आणि टोकाला दात नाहीत असे आपण ज्या नमुन्यांबद्दल लिहिले आहे, ते पुजिओकडे झुकतात. परंतु चिमट्याच्या बोटांची तपासणी झालेली नाही, म्हणून तूर्त त्यांच्या चिठ्ठीवर ‘पॅलेमॉन सी.एफ. पुजिओ’ एवढेच असावे. खाचेमागे दोन दात असलेले जे दोन-तीन नमुने आपण त्याच बाटलीत ठेवले आहेत, ते आजच वेगळ्या बाटलीत काढा आणि प्रत्येक बाटलीच्या आत, बाहेर नव्हे, जाड कागदावर पेन्सिलीने स्थळ, तारीख, खोली, पाण्याची क्षारता आणि पकडणाऱ्याचे नाव लिहा. क्षारतेची नोंद विसरू नका, कारण व्हल्गॅरिस अधिक खाऱ्या पाण्याकडे आढळते आणि पुजिओ कमी खाऱ्या पाण्यातही मुबलक असते. बोटांची छायाचित्रे काढताना दोन्ही बोटांची आतली धार एकाच पातळीत स्पष्ट यायला हवी. एका छायाचित्रात ते साधत नसेल तर प्रत्येक बोटाचे वेगळे घ्या, आणि शेजारी मोजपट्टी असू द्या.